जुन्या फोर-बाय-फोरच्या पुढच्या चाकांतले आवाज

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या चाकांना तीन कामे करावी लागतात. गाडी वळवायची, ब्रेक लागल्यावर पुढे झुकणारे वजन झेलायचे आणि फोर-व्हील लावली की गाडी ओढायचीही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीत पुढे बेअरिंग, स्टेअरिंगचे सांधे, सस्पेन्शन आणि ब्रेक एवढेच असतात. फोर-बाय-फोरमध्ये त्यांच्या जोडीला पुढचे डिफरन्शिअल, दोन अ‍ॅक्सल शाफ्ट, त्यांचे सांधे, पुढचा प्रोपेलर शाफ्ट आणि काही गाड्यांत चाक जोडणारे-सोडणारे हब येतात. पुढून ‘खट्’ असा आवाज आला की संशयितांची यादी लांबलचक होते आणि जुनी गाडी घेणाऱ्याचे पैसे त्या यादीतच जिरतात. आधी शॉकअप बदलले जातात, मग लोअर आर्म, मग बेअरिंग, आणि आवाज जिथल्या तिथे राहतो. हा खर्च बराचसा टाळता येण्याजोगा आहे. आवाज कोणत्या स्थितीत सुरू होतो आणि कोणत्या स्थितीत थांबतो, हे एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिले, तर यादीत बहुधा एकदोन भागच उरतात.

अशा गाड्यांची आणि त्या तपासण्याची सोय एकत्र पाहायची असेल तर बंगळूरच्या पूर्वेकडचे के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम, हे ठिकाण चांगले. जुना मद्रास रस्ता आणि आउटर रिंग रोड इथे एकत्र येतात, रेल्वेमार्गावरून तारांनी पेललेला ‘हँगिंग ब्रिज’ जातो आणि केए ५३ ही नोंदणीची मालिका इथल्याच आरटीओची आहे. सकलेशपूर, कोडगू, चिक्कमगळूरच्या घाटवाटांसाठी फोर-बाय-फोर घेणारे या शहरात पुष्कळ, आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. महाराष्ट्राच्या पाटीची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे ती इथे नव्याने नोंदवावी लागते आणि इथला करही भरावा लागतो. त्यामुळे बदलीवर आलेली मंडळी कधी ती नोंदवून घेतात, कधी विकून मोकळी होतात. विकत घेणाऱ्याने अशा गाडीचा पूर्वेतिहास जरूर विचारावा. कोकणच्या पुळणीवर फिरलेल्या गाडीत खाऱ्या पाण्याने हब, ब्रेकच्या पिना आणि सांधे आतून गंजलेले असतात. मलनाडच्या चिखलात खेळलेल्या गाडीत रबरी बूट फाटलेले आणि ग्रीसमध्ये माती गेलेली सापडते.

आवाज ऐकण्याआधी गाडीची पुढची रचना ठाऊक हवी, कारण दोन प्रकारच्या रचनांत दोष वेगवेगळ्या जागी दडतात. १९८५ साली आलेली मारुती जिप्सी ही सलग अ‍ॅक्सलची गाडी. पुढची दोन्ही चाके एकाच जाड आडव्या अ‍ॅक्सलच्या टोकांना आणि तो अ‍ॅक्सल पाट्यांवर बसवलेला. चाक वळते ते किंगपिनच्या बेअरिंगांवर, आणि शाफ्टचा सांधा ग्रीसने भरलेल्या बंद गोलात असतो. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या थारच्या सीआरडीई आवृत्तीत मागे पाटे, पण पुढे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खालीवर होणारे टॉर्शन बारचे सस्पेन्शन आहे. टोयोटा किर्लोस्करच्या बिडदी कारखान्यातून २००९ पासून बाहेर पडू लागलेली फॉर्च्युनरही पुढे स्वतंत्र सस्पेन्शनचीच. अशा गाड्यांत बॉल जॉइंट, आर्मचे बुश, लिंक रॉड आणि उघड्यावर फिरणारे, रबरी बुटांनी झाकलेले सीव्ही जॉइंट हे झिजणारे भाग. जिप्सीत बॉल जॉइंटची तक्रार शोधणे किंवा थारमध्ये किंगपिन शोधणे व्यर्थ आहे, तरी अशी निदाने ऐकायला मिळतात.

पहिली तपासणी चाकांचीच असावी, कारण तिला पैसा लागत नाही. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यात अडकलेला एक खडा असा काही किंचाळतो की अख्खे बेअरिंग गेले असे वाटावे. गाडी थोडी मागे घेतली की पुष्कळदा तो पडतो. रिमच्या आत वाळून बसलेला चिखल चाकाचा तोल बिघडवतो आणि ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरू लागते. नटांचा घट्टपणा पाहावा. मग टायर. मड-टेरेन टायरचे मोठे ठोकळे डांबरावर घुमतातच. ते एका कडेने किंवा उंचसखल झिजले असतील तर तो आवाज बिघडलेल्या बेअरिंगच्या आवाजाशी इतका मिळताजुळता होतो की कसलेले कानही फसतात.

टायर आणि बेअरिंग यांचा निकाल रस्त्यावरच लावता येतो. टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाबरोबर बदलतो. काँक्रीटवरून गुळगुळीत डांबरावर गेले की तो लगेच सौम्य होतो. बेअरिंगची घरघर रस्त्याची पर्वा करत नाही, ती फक्त वेगाबरोबर चढते-उतरते. के. आर. पुरमहून होसकोटेच्या दिशेने मोकळा रस्ता लागला की ताशी ६० ते ७० किलोमीटरवर आजूबाजूला गाडी नसताना स्टेअरिंग हलकेच डावीकडे, मग उजवीकडे फिरवावे. गाडी डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जाते. त्या क्षणी घरघर वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर, उजवीकडे वळताना वाढली तर डाव्यावर. गिअर न्यूट्रलला काढून गाडी क्षणभर तशीच धावू द्यावी. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि गिअरबॉक्स सुटले.

वेगाबरोबर येणाऱ्या आवाजाची लय मोजणे ही फारशी न वापरली जाणारी, पण अतिशय उपयोगी रीत आहे. थारसारख्या गाडीच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या थोडा वर भरतो. ताशी २० किलोमीटर वेगाला ते चाक सेकंदाला सुमारे अडीच फेऱ्या घेते. प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी, डिफरन्शिअलचे गुणोत्तर साधारण चार धरले तर, सेकंदाला दहाच्या आसपास फिरतो. अडीचच्या लयीत ‘ठक ठक’ येत असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे: टायर, डिस्क, बेअरिंग किंवा बाहेरचा सीव्ही जॉइंट. त्याच वेगाला ‘चीं चीं चीं’ असा भराभर आवाज येत असेल तर शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटचा क्रॉस कोरडा पडलेला असतो. के. आर. पुरमच्या टिन फॅक्टरी चौकाजवळ वाहतूक मुंगीच्या पावलांनी सरकते. तिथे काच खाली करून, भिंतीच्या किंवा थांबलेल्या ट्रकच्या बाजूने जाताना हे आवाज परतून कानावर येतात आणि मोजायला सोपे जातात.

वळताना येणारा ‘कट कट कट’ हा सर्वांत ओळखीचा आवाज. स्टेअरिंग पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दिला की बाहेरच्या सीव्ही जॉइंटमधल्या गोळ्या झिजलेल्या खाचांतून उड्या मारतात. पण फोर-बाय-फोरमध्ये इथेच एक मेख आहे. सीव्ही जॉइंटवर ताण नसेल तर तो बोलत नाही. अनेक जिप्सींच्या हबवर हाताने फिरवायची चकती असते. ती ‘फ्री’वर असली आणि गाडी टू-व्हीलवर चालली की पुढचे शाफ्ट मुळी फिरतच नाहीत. त्या स्थितीत वळताना कटकट येत असेल तर सांध्याला निर्दोष सोडून स्टेअरिंगकडे आणि ब्रेककडे वळावे. उलट, टू-व्हीलवर मुकाट असलेली जिप्सी हब ‘लॉक’ करून मातीच्या मैदानावर फोर-व्हीलमध्ये गोल फिरवताच कटकटू लागली, तर गोलातला सांधा गेला हे नक्की. म्हणूनच केवळ डांबरावर टू-व्हीलमध्ये चालवून पाहिलेल्या फोर-बाय-फोरची परीक्षा अर्धीच झालेली असते. काही गाड्यांत जोडणी चाकापाशी तुटत नाही, डिफरन्शिअलपाशी तुटते. त्यांचे सीव्ही जॉइंट टू-व्हीलमध्येही चाकांबरोबर फिरत राहतात. फाटका बूट म्हणूनच चालढकलीवर टाकू नये. बुटाला चीर पडली आहे की नाही हे पाहायला गाडी उचलावीही लागत नाही. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून चाकामागे वाकून पाहावे. रिमच्या आतल्या बाजूला आणि शॉकअपवर काळ्या ग्रीसचे फराटे उडालेले दिसले तर बूट फाटून बरेच दिवस झाले आहेत.

महिंद्राच्या काही गाड्यांत हब व्हॅक्यूमवर चालतात. इंजिनावरच्या पंपाचा व्हॅक्यूम बारीक नळ्यांतून हबपर्यंत पोचतो आणि आतली दातेरी कडी सरकवून चाक शाफ्टला जोडतो. नळी तडकली किंवा सील गळू लागले की कडी अर्धवट सरकते, दाते एकमेकांवरून घसरतात आणि पुढच्या एका चाकातून ‘कर्रर’ असा भेदक आवाज येतो. हा आवाज ऐकून डिफरन्शिअल उघडणारे कमी नाहीत. वास्तविक आधी नळ्या तपासाव्यात. एक रबरी नळी बदलून काम भागण्याची शक्यता बरीच असते. दुर्लक्ष केले तर मात्र दाते झिजून हबच बदलावे लागते.

एक आवाज दोषाचा नसतो, तरी नव्या मालकाला तोच सर्वांत जास्त घाबरवतो. मधले डिफरन्शिअल नसलेल्या, म्हणजे पार्ट-टाइम, गाडीत कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळण घेतले की गाडी अडखळते, टायर घासटतात आणि मध्येच ‘कडाड’ असा ठोका बसतो. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, पण ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरवते. हा फरक मातीवर, वाळूवर, चिखलात टायर घसरून निघून जातो. डांबरावर तो शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो आणि मग एकदम सुटतो. अशा वेळी गाडी टू-व्हीलला येत नसेल तर सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी, पीळ उतरतो. पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरची फोर-बाय-फोर आवृत्ती कायमच चारही चाकांवर चालणारी आहे आणि तिला मधले डिफरन्शिअल आहे. ते लॉक केलेले नसताना तिने डांबरावर असे अडखळणे हे मात्र बिघाडाचेच लक्षण. पार्ट-टाइम गाडी फोर-व्हीलमध्ये सरळ जातानाही अडखळत असेल तर चारही टायर ताडून पाहावेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत झालेले, किंवा वेगळ्या मापाचे टायर असले तरी तोच पीळ भरतो.

गतिरोधकावर येणाऱ्या ‘खट्’चा शोध घेताना गाडी दोन तऱ्हांनी न्यावी. आधी सरळ, दोन्ही चाके एकदम चढतील अशी. मग तिरकी, एकेक चाक चढेल अशी. तिरके जाताना एक चाक वर, दुसरे खाली असते आणि अँटी-रोल बार पिळला जातो. तेव्हाच आवाज आला तर त्या बारचे लिंक रॉड आणि बुश पाहावेत. हे भाग तुलनेने स्वस्त आहेत. दोन्ही चाके एकदम चढतानाही आवाज आला तर शॉकअपचे वरचे माउंट, बॉल जॉइंट, आर्मचे बुश, किंवा पाट्यांच्या गाडीत शॅकलचे बुश यांच्याकडे यावे. हँगिंग ब्रिजचे आणि रिंग रोडवरच्या उड्डाणपुलांचे सांधे दोन्ही चाकांना एकदम धक्का देतात आणि गल्लीतले खड्डे एकेका चाकाला, त्यामुळे ही तुलना इथे रोजच्या फेरीत होऊन जाते. पाट्यांची कुरकुर पाने एकमेकांवर घासल्यामुळे येते आणि बहुधा धोक्याची नसते. पान तुटले असेल तर गाडी एका बाजूला झुकलेली दिसते.

ब्रेक दाबताच एकदाच ‘ठक’ आणि रिव्हर्समध्ये ब्रेक दाबताच पुन्हा एकदा ‘ठक’ हे जोडीने आले तर कॅलिपरमध्ये सैल बसलेले पॅड किंवा आर्मचे मोठे बुश, यांपैकी एक काहीतरी पुढेमागे सरकत असते. फक्त गिअर टाकताना ठोका बसत असेल तर शाफ्टचा क्रॉस आणि इंजिनाचे माउंट पाहावेत. गॅस दिला की वाढणारी आणि सोडला की सूर बदलणारी ‘ऊं’ ही डिफरन्शिअलच्या दात्यांची खूण. पार्ट-टाइम गाडीत पुढच्या डिफरन्शिअलवर भार फोर-व्हील लावल्यावरच येतो, त्यामुळे हा सूर टू-व्हीलमध्ये असेल तर आधी मागचे डिफरन्शिअल संशयित.

रस्त्यावरचा तर्क जॅकवर पक्का करावा लागतो. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, जॅकच्या जोडीला स्टँड, आणि फक्त जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही. चाक उचलून घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी हात ठेवून आतबाहेर हलवावे. प्ले, म्हणजे ढिलाई, जाणवला तर दुसऱ्याने आतून ब्रेक दाबावा. ब्रेक दाबताच प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, कारण ब्रेकने डिस्क आणि नकल एकमेकांना बांधले गेले. ब्रेक दाबूनही चाक हलतच राहिले तर ढिलाई त्यापलीकडे, बॉल जॉइंटमध्ये किंवा किंगपिनमध्ये आहे. ही एवढीशी कसोटी बेअरिंगच्या अनेक अनावश्यक बदल्या वाचवते आणि गॅरेजमध्ये ती हटकून मागून घ्यावी. मग हात ३ आणि ९ वर. इथला प्ले बहुधा टाय रॉडच्या टोकांचा किंवा स्टेअरिंग रॅकचा, आणि दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवले तर तो बोटाला लागतो. शेवटी एक हात कॉइलवर किंवा पाट्यावर ठेवून चाक दुसऱ्या हाताने गरकन फिरवावे. कानाला न ऐकू येणारा खरखरीतपणा बोटांना कळतो. आवाज चॅसिसमधून प्रवास करतो आणि डाव्या चाकाचा ठोका ड्रायव्हरच्या पायाखाली ऐकू येतो, म्हणून कानापेक्षा हाताचा कौल मोलाचा.

तेल तर पाहायलाच हवे. चालून तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. ब्रीदरची नळी तुंबलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. डिफरन्शिअलचे तेल मग दूध घातलेल्या चहासारखे दिसू लागते आणि दाते, बेअरिंग गंजतात. प्लगच्या चुंबकावरचा करडा लेप साधारण झिजेचा असतो. त्यावर बोटाला टोचणारे तुकडे असतील तर किमतीची बोलणी तिथेच थांबवावीत. जिप्सीच्या वळणाऱ्या गोलाखाली ओले, पातळ ओघळ दिसले तर अ‍ॅक्सलचे आतले सील गेलेले आहे. डिफरन्शिअलचे तेल गोलात उतरून ग्रीस धुऊन काढते. सांधा अजून बोलत नसला तरी त्याचे वंगण संपत आलेले असते.

आधीच्या मालकाने केलेले बदल हा वेगळा विषय आहे. थारचे टॉर्शन बार पिळून पुढचा भाग उंच केला की गाडी रुबाबदार दिसते, पण सीव्ही जॉइंट कायम जास्त कोनात चालतात आणि खड्ड्यात चाक खाली लोंबताना सस्पेन्शन थांब्यावर आदळून ‘ठक’ करते. भाग कितीही बदलले तरी हा ठोका जात नाही. उंची पूर्ववत केली की जातो. रिमच्या मागे स्पेसर घालून चाके बाहेर काढली तर बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि नवे बेअरिंगही लवकर घरघरू लागते. अशी गाडी घेताना मूळ भाग मिळतात का, हे विचारणे हिताचे.

जिप्सीसारख्या सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत एक दोष आवाजापेक्षा थरकापाने कळतो. ताशी ६०-७० वेगाला एका खड्ड्याचे निमित्त होते आणि पुढची चाके डावी-उजवीकडे इतक्या जोराने फडफडू लागतात की स्टेअरिंग हातात राहत नाही. कारणे सहसा एकाहून अधिक असतात: किंगपिनच्या बेअरिंगचा दाब सैल, टाय रॉड आणि ड्रॅग लिंकची टोके झिजलेली, टायरचा तोल गेलेला. नवा स्टेअरिंग डँपर बसवला की फडफड काही काळ दबते आणि विकणाऱ्याला तेवढे पुरते. किंगपिनच्या शिम नीट बसवून दाब पुन्हा आणणे हाच त्यावरचा खरा इलाज. फडफड सुरू झाल्यास करकचून ब्रेक न मारता गॅस सोडून वेग उतरू द्यावा.

फडफड, बॉल जॉइंटचा प्ले, टाय रॉडचा प्ले आणि बेअरिंगची वाढलेली घरघर या चार तक्रारी असलेली गाडी दुरुस्तीपर्यंत रस्त्यावर आणू नये. बॉल जॉइंट सुटला तर चाक मुडपून गाडी जागीच बसते, आणि त्याआधी तो फार काळ इशारा देईलच असे नाही. लिंक रॉडची खटखट किंवा पाट्यांची कुरकुर महिनाभर थांबली तरी चालते. फाटका बूट वेळेत सापडला, म्हणजे सांधा अजून बोलत नसला, तर साफ करून नवे ग्रीस आणि नवा बूट घालून भागते.

दुरुस्तीनंतर गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, त्याच वळणावर आणि फोर-व्हीलच्या त्याच स्थितीत चालवून पाहावी. टाय रॉड, आर्म किंवा बॉल जॉइंट बदलला असेल तर अलाइनमेंट करून घ्यावीच लागते, नाहीतर नवे टायर काही हजार किलोमीटरांत कडेने झिजून पुन्हा घुमू लागतात. नट आवळून दाब ठरवायची बेअरिंगे ज्या गाड्यांत आहेत, त्यांत काही शे किलोमीटर चालल्यावर चाक पुन्हा उचलून १२ आणि ६ ला हलवून पाहावे आणि प्ले आढळला तर दाब पुन्हा जुळवावा.